चुंबकाला न चिकटलेले

गुरुवारी दुपारी जान्हवी चपला न काढताच बैठकीच्या खोलीत शिरली, आणि मी तिला दाराशी परत पाठवले. ती गेली, चपला काढल्या, हातपाय धुतले, आणि मगच माझ्यासमोर बसली. सत्ताविसाव्या वर्षीही नातीला हे सांगावे लागते, याचा दोष मी तिच्या बापाला, म्हणजे माझा मुलगा श्रेयस याला देते. शिस्त एक पिढी ओलांडून जात नाही.

"आजी, एक विचारू? चिडायचं नाही हां."

"चिडायचे की नाही, हे प्रश्न ऐकल्यावर ठरवीन. विचार."

"तुझ्या मालाडच्या नमुन्यांतला न चिकटलेला भाग कुठंय?"

मी हातातली विणकामाची सुई खाली ठेवली. या एका प्रश्नात काय होते, ते वाचकांना कळावे म्हणून थोडे मागे जाते.

चौतीस वर्षे मी भूगर्भशास्त्र शिकवले. त्या काळात मालाडच्या पूर्वेला दगडाची एक खाण होती. तिच्या भिंतीत काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये एक तांबडा थर होता. सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी खालचा लाव्हा थंड झाला, हजारो वर्षे उन्हापावसात उघडा राहिला, झिजला, कुजला, त्याची तांबडी माती झाली. मग वरचा लाव्हा आला आणि ती माती जशीच्या तशी झाकली गेली. त्या प्राचीन विदारणात, म्हणजे खडकाच्या झिजण्या-कुजण्यात, त्यातले किती द्रव्य वाहून गेले, हे मला मोजायचे होते. जे गेले ते मोजता येत नाही. म्हणून जे मुळीच हललेले नाही, असे काहीतरी शोधावे लागते. साखर घातलेले दूध आटवले, तर उरलेल्या दुधाच्या गोडीवरून किती पाणी उडाले ते सांगता येते, कारण साखर उडत नाही. माझी साखर म्हणजे इल्मेनाइट. लोह आणि टायटॅनियम यांचे हे काळे, चिवट खनिज. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची काळी वाळू ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी ते पाहिलेले आहे.

त्या तांबड्या थरातून खालपासून वरपर्यंत मी बत्तीस नमुने घेतले. प्रत्येक नमुना कुटला, माती धुऊन काढली आणि उरलेले कण विद्युत्चुंबकाच्या यंत्रातून सोडले. चिकटले ते इल्मेनाइट, खाली पडले ते टाकाऊ. चिकटलेले कण तळापासून माथ्यापर्यंत एकसारखे निघाले, तेच रूप आणि तीच घडण. इल्मेनाइट बदलत नाही, असे मी १९८७ साली लिहिले, आणि त्या आधारावर थराच्या विदारणाचा हिशेब मांडला. तेव्हापासून या पद्धतीला 'बाईंची रीत' म्हणतात. आजही म्हणतात.

"तुला तो भाग कशाला हवा?" मी विचारले.

"दहिसरच्या खोदकामात मला असाच तांबडा थर मिळाला ना, त्यात इल्मेनाइट बदललंय. लोह धुऊन गेलंय आणि आत नुसता स्पंज उरलाय, राखाडी-पांढरा. आणि आजी, लोह गेल्यावर तो कण चुंबकाला चिकटणारच नाही! म्हणजे यंत्रातून फक्त न बदललेले कण वर येणार, आणि आपण म्हणणार की काहीच बदललं नाही. थोडं टायटॅनियमसुद्धा शेजारच्या मातीत उतरलंय. तुझी साखर कुणीतरी खाल्लीये."

"दहिसर म्हणजे मालाड नव्हे."

"तेच तर विद्याधर सर म्हणतात. दहिसर अपवाद, मालाड प्रमाण. मालाडचा तो टाकाऊ भाग दाखवला तरच हे प्रकरण प्रबंधात राहील, नाहीतर गाळा. शनिवारी समितीपुढे सादरीकरण आहे. खाणीवर तर टॉवर झाला. आता जगात ते नमुने फक्त तुझ्याकडे असू शकतात." ती पुढे सरकली. "आहेत ना?"

"नाहीत," मी म्हणाले. "फेकून दिले."

जान्हवीने माझ्याकडे पाहिले. तिने कधी माझ्या शब्दावर शंका घेतलेली नाही. मी तशी वेळच येऊ दिलेली नाही. तिचा चेहरा उतरला, चहा तसाच ठेवून ती घाटकोपरला आपल्या घरी निघून गेली.

स्वयंपाकघराच्या दारात शकु उभी होती. माझ्या मुलुंडच्या या घरात ती बावीस वर्षे काम करते, आणि स्वतःला घरातली समजते.

"आजी, माळ्यावरच्या त्या औषधाच्या बाटल्या दर दिवाळीला मीच पुसते की. नाहीत कशा?"

"तुला कुणी विचारले?"

"नाही विचारलं म्हणून तर बोलले. विचारलं असतं तर गप बसले असते."

मी तिला भांडी घासायला सांगितले. तिने ती इतक्या जोरात घासली की शेजारच्यांनाही कळावे.

बाटल्या होत्या. माझे यजमान होमिओपॅथीचे डॉक्टर होते. त्यांच्या रिकाम्या बाटल्यांत मी बत्तीस नमुन्यांचा तो टाकाऊ भाग भरून ठेवला होता, कारण नमुना कधी टाकायचा नसतो, हे मीच शिकवत आले. मग मी खोटे का बोलले? त्या भागात काय आहे, ते मला माहीत होते म्हणून.

१९८६ च्या मार्चमध्ये एका दुपारी, वरच्या नमुन्यांपैकी एकाचा टाकाऊ भाग मी सहज सूक्ष्मदर्शकाखाली घातला होता. चुन्याच्या कळीसारखे फिकट कण. आणि त्यांतल्या काहींना सहा बाजूंच्या पातळ चकतीचा आकार. तो आकार मी झोपेतही ओळखला असता. इल्मेनाइटचा आकार, इल्मेनाइटचा रंग नाही. मी काच बाजूला ठेवली. लेख जवळजवळ लिहून झाला होता. नंतर पाहू, असे मी मनाशी म्हटले, आणि नंतर एकोणचाळीस वर्षे पाहिले नाही.

त्या संध्याकाळी मला एका जागी बसता येईना. विणकाम उसवले, पुन्हा घातले, पुन्हा उसवले. माळ्याकडे पाहिले आणि पाठ फिरवली. शेवटी एक तोड सुचली. मालाडच्या त्या भिंतीचा एखादा तुकडा अजून उघडा असेल, तर जान्हवी नवे नमुने घेऊ शकेल. जे सत्य असेल ते तिच्या नमुन्यांतून निघेल, माझ्या बाटल्यांतून नव्हे. मला ती तोड फार न्याय्य वाटली.

शुक्रवारी सकाळी आठ वाजता मी टॅक्सी करून मालाडला गेले. जिथे आम्ही दोर लावून उतरत असू, तिथे चौतीस मजली इमारत उभी होती. पहारेकऱ्याने वही पुढे केली.

"कोणाकडे?"

"कोणाकडेही नाही. तळघर पाहायचे आहे. सर्वांत खालचे."

"पाहुण्यांना खाली नाही जाता येत, मॅडम."

"मी पाहुणी नाही. तुमची इमारत उभी राहण्याच्या तीस वर्षे आधी मी इथे काम केले आहे. नाव काय तुझे?"

"धोंडिराम." तो मालवणकडचा असणार, हे बोलण्यावरून कळले. माझ्या काठीकडे आणि माझ्याकडे पाहून तो उठला. "चला. पण सेक्रेटरी इलो तर माका काय म्हायत नाय."

तिसऱ्या तळघरात गाड्यांच्या रांगा होत्या आणि चारी बाजूंना काँक्रीट. मी भिंतीवरून हात फिरवत पश्चिमेच्या कोपऱ्यापर्यंत गेले. आमचा थर नेमका त्या उंचीवर असला पाहिजे होता. काँक्रीटला एक तडा होता, त्यातून पाणी पाझरत होते आणि जमिनीवर तांबडा ओघळ सुकलेला होता.

"ह्या पाण्याक काय बघतास?" धोंडिरामने विचारले. "दर पावसात येता. तीनदा सिमेंट भरला, तरी येता. बिल्डर म्हणता पाइप फुटलो."

"पाइप नाही. मागे माती आहे. ती अजून धुपते आहे."

"बरा. मग ती थांबवूक काय करूचा?"

"काही करता येत नाही," मी म्हणाले, आणि आपण कशाविषयी बोललो ते माझे मलाच कळले. ओघळातले चिमूटभर तांबडे मी बोटावर घेतले. त्याचा शास्त्रीय उपयोग शून्य होता. कुठल्या उंचीवरचे, काय मिसळलेले, काहीच सांगता येणार नव्हते. मी हात रुमालाला पुसला.

वर येते तोच भ्रमणध्वनी वाजला. विद्याधर. माझा विद्यार्थी, त्या खाणीत माझ्या नमुन्यांच्या पिशव्या वाहणारा; आता साठीला आलेला, आणि अंधेरीच्या संस्थेत जान्हवीचा मार्गदर्शक.

"नमस्कार, बाई. जान्हवी म्हणाली की तो उर्वरित भाग तुम्ही टाकून दिला."

"मग?"

"तेवढं दोन ओळींत लिहून द्याल का, तुमच्या सहीने? 'उर्वरित भाग उपलब्ध नाही' एवढंच. म्हणजे समिती पुढे खोदत बसणार नाही. पोरीला प्रकरण गाळून प्रबंध वेळेवर देता येईल. तिचंच भलं आहे."

"आणि तुझे?"

"माझे अकरा विद्यार्थी तुमच्या रीतीवर डॉक्टर झाले, बाई. तुमच्या नावाला उतारवयात कुणी बोट लावू नये, एवढीच इच्छा आहे."

"विद्याधर, त्या बाटल्या तूच धुऊन दिल्या होत्यास. बत्तीसच्या बत्तीस."

"म्हणूनच विचारतोय." त्याचा आवाज फार मऊ झाला. "नाहीत ना, बाई?"

माझे सारे आयुष्य विद्यार्थ्यांच्या प्रामाणिकपणाची तपासणी करण्यात गेले. आणि हा मुलगा, ज्याची पहिली वही मी दोनदा फाडली होती, मला खोटे बोलण्यासाठी उत्तर आयते देत होता, वर त्याला आदर म्हणत होता. तो मला वाचवत होता, आणि कशापासून, ते त्याला पक्के माहीत होते. अशी मदत मी माझ्या सासूकडूनही घेतली नव्हती.

"लेखी मी उद्या देईन," मी म्हणाले. "समितीसमोर. मला खुर्ची ठेव."

घरी पोहोचताच मी शकुला शिडी आणायला सांगितले.

"कशाला ओ?"

"जे दर दिवाळीला पुसतेस, ते खाली काढायला."

तिने शिडी आणली. पण तिची मान अशी हलली की मला राग यावा.

निवृत्तीच्या दिवशी विद्यार्थ्यांनी भेट दिलेला सूक्ष्मदर्शक मी जेवणाच्या मेजावर मांडला. पहिली बाटली, तळाची. फिकट कण जवळजवळ नाहीतच. मला हायसे वाटले, आणि त्या हायसे वाटण्याची लाजही वाटली. आठवी बाटली, काही कण. सोळावी. मी कोपर मेजावर टेकवले. चोविसावीनंतर मी मोजणे सोडले. ते दिसतच होते. वरच्या भागातल्या बाटल्यांत फिकट चकत्यांची गर्दी होती. काहींच्या मध्यभागी काळा ठिपका अजून शिल्लक, कडा मात्र भुगा झालेल्या. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची प्रत्येक पायरी तिथे होती. जे खनिज चिवट म्हणून मी निवडले होते, ते इतरांपेक्षा सावकाश, पण त्यांच्याच वाटेने गेले होते. मी फक्त न गेलेले वेचले होते.

मी जान्हवीला बोलावून घेतले. चार वाजता ती आली. या वेळी तिने चपला बाहेर काढल्या. मेजावर मांडलेल्या बत्तीस बाटल्या पाहून ती जागच्या जागी उभी राहिली.

"हे काय?"

"तुझे प्रकरण."

"तू म्हणालीस फेकून दिले."

"खोटे बोलले."

"तू?" ती हसली, म्हणजे तोंडाने. "आजी, मी लहानपणी एक चॉकलेट लपवलं होतं म्हणून तू मला अख्खी दुपार गॅलरीत उभं केलं होतंस!"

"केले होते. बस खाली."

मी तिला १९८६ ची ती दुपार सांगितली. कारणे दिली नाहीत. कारणे असतात, पण ती सांगितली की माणूस समोरच्याकडून माफी काढून घेतो, आणि तो माझा स्वभाव नाही. ती ऐकत होती. मग एकदम उठली, खिडकीपर्यंत गेली आणि परत आली.

"दोन वर्षं, आजी! दोन वर्षं मी त्या दहिसरच्या चिखलात घालवली. गुडघाभर पाण्यात. बाबा म्हणाले सोड, सर म्हणाले सोड. आणि हे इथे, तुझ्या माळ्यावर, शकुमावशी दिवाळीला पुसत होती?"

"मी कापडानं पुसायचे फक्त," शकु आतून म्हणाली. "उघडली एक पण नाही."

जान्हवीला हसू आले, आणि ते आल्याचा राग आला. डोळे पुसून तिने खुर्ची ओढली आणि सूक्ष्मदर्शकात डोकावून पाहिले. काच इकडून तिकडे सरकवत ती पाहत राहिली. तिची पाठ अगदी माझ्यासारखी ताठ होते, हे मला त्या दिवशी प्रथम दिसले.

"बाप रे," ती म्हणाली. "हे तर माझ्या दहिसरपेक्षा झकास आहे. सगळे टप्पे आहेत यात." मग डोके वर करून, वेगळ्याच आवाजात: "पण चालणार नाही."

"का?"

"आजीनं नातीला सादरीकरणाच्या आदल्या दिवशी बाटल्या दिल्या. काल नव्हत्या, आज आहेत. समितीतला कुणीही विचारेल, यात काय मिसळलंय? मी असते तर मीही विचारलं असतं. कुणीतरी उभं राहून सांगायला हवं की हा भाग कसा वेगळा केला, कुठे ठेवला, आणि आजवर का दाखवला नाही. सगळं. कालचं खोटंसुद्धा, कारण ते मी सरांना सांगून बसलेय."

"मी खुर्ची ठेवायला सांगितली आहे."

"खुर्चीत बसून तू काय सांगशील, ते मला माहीत आहे. 'काही कण पुनर्विचारास पात्र आहेत.' तसं नको. पाहिलं आणि सोडून दिलं, हे सांगशील?"

मी जवळच्या एका बाटलीचे झाकण घट्ट करू लागले. तिने ते पाहिले. ती उठली, सूक्ष्मदर्शकावर झाकण घातले, बाटल्यांना हात लावला नाही आणि रात्रीच्या जेवणालाही थांबली नाही.

शनिवारी अकरा वाजता अंधेरीच्या त्या सभागृहात वीसेक माणसे होती. निम्मे माझेच विद्यार्थी, किंवा माझ्या विद्यार्थ्यांचे विद्यार्थी. मी आत येताच ती सारी उठून उभी राहिली, आणि ते उभे राहणे मला पहिल्यांदाच जड गेले. बाटल्यांची पेटी शकुने आणली होती. ती मागच्या रांगेत मांडीवर पर्स ठेवून बसली. विद्याधरने मला पहिल्या रांगेत बसवले आणि हळूच विचारले, "बाई, पाणी?" मी नको म्हटले.

जान्हवीने दहिसर मांडले. उत्तम मांडले, दोन ठिकाणी घाई केली. मग समितीतल्या एका गृहस्थाने तो अपेक्षित प्रश्न विचारला, की मालाडच्या प्रमाण थराचे काय. जान्हवीने माझ्याकडे पाहिले नाही. ती पडद्याकडे पाहत उभी राहिली. मला निवड करू देत होती.

मी उठले.

"मालाडचा न चिकटलेला भाग या पेटीत आहे," मी म्हणाले. "परवा मी तो नष्ट झाल्याचे सांगितले. ते खोटे होते. १९८६ साली मी त्यातला एक नमुना पाहिला होता. त्यात लोह गमावलेले इल्मेनाइट आहे, हे मला तेव्हाच दिसले. लेखाला अडचण झाली असती, म्हणून मी तो बाजूला ठेवला. जे चुंबकाला चिकटले तेच मी मोजले, आणि बदल होत नाही असे लिहिले. माझा विदारणाचा हिशेब त्यावर उभा आहे. तुमच्यापैकी अनेकांचेही."

मागे कुणाचीतरी खुर्ची कुरकुरली. विद्याधरने चष्मा काढून हातात धरला होता आणि त्याच्या काचा तो पुन्हा पुन्हा पुसत होता.

"बाई," तो अखेर म्हणाला, "इतक्या वर्षांनी स्मृतीवर विसंबून..."

"स्मृतीवर विसंबू नकोस. बाटल्या उघड. धुतल्या तूच होत्यास, झाकणे ओळखशील."

त्याने पेटीकडे पाहिले आणि मान खाली घातली. अध्यक्षांनी बाटल्या विभागाच्या ताब्यात घेऊन तपासायचे ठरवले. तोवर प्रकरण प्रबंधात राहील. एवढेच. टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत, आणि वाजवल्या असत्या तर मी थांबवल्या असत्या. माझी म्हणवणारी काही मंडळी मला न भेटताच जेवायला गेली. शकु मात्र पुढे येऊन म्हणाली, "आता बसा जरा. सकाळपासून चहा पण घेतला नाही तुम्ही." ते खरे होते, म्हणून मी बसले.

जान्हवी माझ्याजवळ आली. मिठी मारेल असे मला वाटले. ती शेजारची खुर्ची ओढून बसली, मांडीवर वही उघडली आणि पेनाचे टोपण काढले.

"तुमची नोंद घ्यायचीय, मॅडम," ती म्हणाली. आजी नाही. "समितीला लागेल. कण वेगळे करताना यंत्राचा विद्युत्प्रवाह किती ठेवला होता?"

मी आठवायचा प्रयत्न केला. खाणीतला वास आठवला, यंत्राची घरघर आठवली, त्या दुपारी टेबलावर पडलेले ऊनसुद्धा आठवले. आकडा आठवेना. परवापर्यंत कुणी असे विचारले असते, तर मी एखादा योग्य वाटणारा आकडा ठामपणे सांगितला असता, आणि कुणी तपासला नसता.

"आठवत नाही," मी म्हणाले. "तसेच लिही."

तिने तसेच लिहिले, खाली रेघ ओढली, आणि पुढचा प्रश्न विचारला.